प्रश्न उद्भवत नाही

आमदार घरी नाहीत, हे सांगण्याचं काम मी पाच वर्षं केलं. ते बहुतेक वेळा खरंच घरी नसत, पण माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. एकदा भातकुलीकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. मी नेहमीचं उत्तर दिल्यावर दारातल्या चपलांकडे बोट दाखवून म्हणाले, "नाई म्हनता, अन् चप्पल तर अठीच पडून हाय त्याईची." ती चप्पल माझी होती. मी ती पायात घालून ओसरीवर दहा पावलं चालून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी काम सांगितलं. त्यांना बस त्यांच्या घरासमोर थांबायला हवी होती. थांबा हाकेच्या अंतरावर होता, पण गुडघे साथ देत नव्हते. मी म्हणालो, "आजोबा, असा थांबा देता येत नाही." ते शांतपणे म्हणाले, "मंग आमदार कायले निवडला?"

हा प्रश्न मी पुढे पुष्कळदा स्वतःलाही विचारला. आमदार कायदे करतो असं शाळेच्या पुस्तकात असतं. गावात मात्र त्याने ट्रान्सफॉर्मर बदलून द्यावा, दवाखान्यात खाट मिळवून द्यावी आणि रुसलेल्या व्याह्याची समजूत घालावी, अशी अपेक्षा असते. या दोन्हींच्या मध्ये जो बसतो तो पीए. सरकारी भाषेत स्वीय सहायक.

मी मूळचा कारकून. एका सरकारी कार्यालयात पस्तीस वर्षं टेबलावर काढली आणि निवृत्त झालो. आमचे आमदार, त्यांना सगळे शालिकभाऊ म्हणत, हे राजकारणात येण्याआधी हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. माझी मुलगी त्यांच्या हाताखाली दहावी झाली. निवडून आल्यावर आठवडाभरात ते माझ्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "इंगळे, मले गणित येते, सरकारी मराठी येत नाही. तुमी या." माझी बायको आतून म्हणाली, "न्या त्यांना. दिवसभर घरात बसून पेपरातल्या चुका काढतात."

भाऊंच्या राजकीय उदयाची कथा फार मोठी नाही. जिल्हा परिषदेत एकदा निवडून आले होते, काम बरं होतं. विधानसभेच्या वेळी पक्षातल्या दोन वजनदार माणसांचं एकमेकांशी जमलं नाही, म्हणून तिसऱ्या साध्या माणसाला तिकीट मिळालं. तिसरा माणूस पडेल अशी दोघांचीही खात्री होती. तो थोडक्यात निवडून आला. अकोला आणि अमरावतीच्या मध्ये पसरलेला आमचा मतदारसंघ. खाली काळी जमीन, वर ऊन, आणि मध्ये आम्ही. मतदारसंघाचं, पक्षाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गावाचं नाव आणि माणसांचीही नावं बदलली आहेत.

बाहेरच्या माणसाला आमदाराच्या पत्राबद्दल फार कुतूहल असतं. पत्रात ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं असेल, तर आमदारांनी दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘केलेल्या कार्यवाहीबाबत मला अवगत करावे’ असं असेल, तर साहेब लोक ते पत्र वरच्या गठ्ठ्यात ठेवतात. आणि पत्र जाऊन आठ दिवसांनी फोन गेला नाही, तर दोन्ही पत्रं सारखीच. पस्तीस वर्षं मी अशी पत्रं घेणाऱ्या बाजूला होतो, त्यामुळे कोणतं पत्र कुठे जाऊन पडतं हे मला पाठ होतं. भाऊंना माझा उपयोग होता तो यासाठी.

कांताबाई आल्या त्या सकाळी भाऊ खरोखरच घरी होते. लग्नसराई होती. एका दिवशी किती ठिकाणी अक्षता टाकायच्या याचा कागद घेऊन ते बसले होते, कुठल्या गावाहून कुठे गेलं म्हणजे उलट फेरा पडणार नाही याचं गणित मांडत. कांताबाई वाघोडी या गावच्या अंगणवाडी सेविका. पन्नाशीच्या आतबाहेर, पांढऱ्या साडीला निळा काठ, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"भाऊ, पयले हे पानी प्या. मंग बोलू."

भाऊंनी घोट घेतला. तोंड कसंनुसं झालं, पण थुंकले नाहीत. दुसरा घोट घेतला आणि बाटली खाली ठेवली.

"हे तुमी पेता?"

"आमी पेतो, लेकरं पेतेत. अंगणवाडीतली खिचडी याच पान्यात होते."

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खोदा, बोअर मारा, हापशी बसवा, खारंच लागतं. याला खारपाण पट्टा म्हणतात. भाऊंनाही हे माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. कांताबाईंनी मग एक वही काढली. अंगणवाडीच्या रजिस्टरसारख्याच तिच्यात रेघा मारलेल्या होत्या. एका रकान्यात नाव, पुढे वय, मग ‘पाय सुजले’, ‘अमरावतीले नेलं’, ‘मशीनवर’, आणि काही नावांपुढे ‘वारले’. मूत्रपिंड निकामी झालेल्या गावातल्या माणसांची ती नोंद होती. तिच्यात त्यांच्या नवऱ्याचं, शेषरावांचं नाव होतं. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अमरावतीला न्यावं लागे. पहाटेची बस, तिथे चार तास मशीन, आणि संध्याकाळी परत. त्या दिवशी माणूस घरी येतो तो नुसता पडून राहतो, असं त्या म्हणाल्या.

"डॉक्टर काय म्हणतात? पाण्यानंच होते?" भाऊंनी विचारलं.

"डॉक्टर म्हनते, पक्कं सांगता येत नाई. पानी असू शकते, दुखन्याच्या गोया असू शकते, दुसरंबी काई असू शकते. मी म्हनलं, ठीक हाय, तुमी शोधत राहा. पन तोवर आमाले पेयाले गोडं पानी द्या. याच्यात का वाईट हाय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "इंगळे, विधानसभेत प्रश्न टाकायचा."

मी मान हलवली आणि कागद ओढला. पण गावाचं नाव लिहिताना माझा हात थांबला. वाघोडी हे नाव मी त्याआधी एकदा लिहिलं होतं.

इथे जरा धंद्यातली गोष्ट सांगावी लागेल. आमदार अधिवेशनाआधी लेखी प्रश्न देतो. त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. त्याची घडण ठरलेली असते. पहिल्या भागात अमुक अमुक घडलं ‘हे खरे आहे काय’. मग ‘असल्यास’ चौकशी केली काय, तीत काय आढळलं, काय कार्यवाही केली. आणि ‘नसल्यास’ विलंबाची कारणे काय. मुंबईहून तो प्रश्न जिल्ह्यात येतो, जिल्ह्यातून तालुक्यात आणि शेवटी कुठल्या तरी टेबलावरच्या कारकुनाकडे. दुपारी येतो, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचं असतं. कारकून ते तयार करतो, साहेब सही करतात, आणि तेच उत्तर चढत चढत मंत्र्यांच्या नावाने छापलं जातं. सभागृहात मंत्री जे बोलतात ते बऱ्याचदा अशाच एका टेबलावर लिहिलेलं असतं.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी माझ्या टेबलावर असा एक प्रश्न आला होता. तेव्हाचे आमदार वेगळे होते. वाघोडी व परिसरातील गावांना पिण्यास अयोग्य पाणी मिळत असून नागरिक आजारी पडत आहेत, हे खरे आहे काय. मी जुनी फाइल काढली. तिच्यात एका विहिरीचा, एका पावसाळ्यातला तपासणी अहवाल होता. पावसाळ्यात वरचं पाणी मिसळतं, खारेपणा उतरतो. अहवालात पाणी ठीक निघालं होतं. मी लिहिलं : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ खाली एका ओळीचा खुलासा जोडला. साहेब खूश झाले. म्हणाले, इंगळे, तुमच्यासारखं आटोपशीर उत्तर कोणी लिहीत नाही. मला बरं वाटलं होतं. वाघोडी आमच्या कार्यालयापासून बसने दीड तासावर होतं. मी कधी गेलो नव्हतो.

त्या सकाळी कांताबाईंसमोर मी यातलं काही बोललो नाही. भाऊंनाही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, ती गोष्ट जुनी झाली, आता आपण प्रश्न विचारणाऱ्या बाजूला आहोत, चांगला प्रश्न लिहू म्हणजे झालं. मी तो मन लावून लिहिला. पण घडण तीच ठेवली, हे खरे आहे काय. सवय होती.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं. उत्तरांची छापील यादी प्रश्नाच्या दिवशी सकाळी हातात येते. आमचा प्रश्न यादीत खाली होता, सभागृहात तो पुकारला जाण्याची शक्यता नव्हती. अशा प्रश्नांचं लेखी उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. आमदार निवासातल्या खोलीत मी यादी उघडली. ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ खाली एक ओळ खुलाशाची होती. तीही मी ओळखली. ‘सदर गावातील स्रोताची तपासणी करण्यात आली असून पाणी पिण्यायोग्य आढळून आले आहे.’ माझंच वाक्य होतं ते. ‘सदर’सुद्धा माझंच. माझ्यानंतर त्या टेबलावर बसलेल्या कुणी जुनी फाइल काढली होती आणि माझं आटोपशीर उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं.

भाऊ दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण होता. मी यादी त्यांच्यासमोर धरली आणि म्हणालो, "भाऊ, हे उत्तर मी लिहिलेलं आहे."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. विहीर, पावसाळा, साहेबांचं खूश होणं, काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. गालावरचा साबण वाळून गेला. मला वाटलं, आता म्हणतील उद्यापासून येऊ नका. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि खाटेवर बसले.

"तुमी तवा कांताबाईसमोर काहून नाही बोलले?"

"लाज वाटली."

"हं." मग म्हणाले, "वाघोडीले जाऊन त्याईले तुमीच सांगा. मी सांगनार नाही. अन् दुसरं. असं उत्तर देता येनार नाही, असा प्रश्न कसा लिहायचा, ते मले शिकवा."

अधिवेशन संपल्यावर मी वाघोडीला गेलो. कांताबाई अंगणवाडीत होत्या, मुलं नुकतीच घरी गेली होती. छापील यादी त्यांच्याकडे आधीच पोचली होती, ग्रामपंचायतीतून कोणीतरी दिली होती. मला पाहताच म्हणाल्या, "साहेब, खरं नाई म्हंजे कसं? मंग आमी का खोटं बोलून राहिलो?"

मी सतरंजीवर बसलो आणि सांगितलं. या बाई ओरडतील अशी माझी तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत. उठून आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला, आणि चहा घेऊन आल्या. चहा खारट होता. मी तो सगळा प्यालो.

"तुमाले कोनं सांगतलं होतं, असं ल्याहा म्हून?"

"कोणी नाही."

"मंग काहून लिहिलं?"

"सोपं होतं," मी म्हणालो.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनतेत. हे सारं नीट उतरवून घ्या. पन अठी बसून नाई. चला माह्यासंगं, घरोघरी जाऊ. जे खरं असन ते तुमच्या डोयानं पाहा अन् मंग ल्याहा."

तीन दिवस मी वाघोडीत फिरलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी घरं पाहिली नव्हती. प्रत्येक घरात कांताबाई माझी ओळख करून देत, "हे आमदारायचे पीए," एवढीच. बाकीचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेषरावांकडेही गेलो. सागाच्या खाटेवर पडलेले, हात काडीसारखे, पण बोलणं खणखणीत. त्यांचं मूर्तिजापूरला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आजारपणात बंद पडलं. मला म्हणाले, "पीएसाहेब, मशीनवर चार घंटे पडून राहते मानूस, तवा लय विचार येतेत. मी मनातल्या मनात सायकल खोलतो अन् परत जोडतो. एकबी नट उरू देत नाई."

परत आल्यावर भाऊ आणि मी वर्गात बसल्यासारखे बसलो. मी त्यांना दाखवलं, की ‘हे खरे आहे काय’ असं विचारलं की समोरच्याला ‘नाही’ म्हणून सुटता येतं. त्याऐवजी विचारायचं, वाघोडीतल्या कोणकोणत्या स्रोतांचे नमुने घेतले, कोणत्या महिन्यात घेतले, कोणी घेतले, अहवाल कुठे आहे आणि तो सभागृहापुढे ठेवणार काय. यातल्या कशालाही ‘उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. भाऊ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे पायऱ्या लिहून मागायच्या. नुसतं उत्तर नाही." गणिताच्या मास्तरांना ते पटकन कळलं. मलाच कळायला एवढी वर्षं लागली होती.

पुढच्या अधिवेशनात, मुंबईला, आम्हाला लक्षवेधी सूचना मिळाली. लक्षवेधी म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि आमदाराला त्यावर विचारता येतं. मी वर गॅलरीत बसलो होतो. भाऊ बोलायला उभे राहिले. ते वक्ते नव्हते. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि वहीतली नावं वाचायला सुरुवात केली. नाव, वय, काय काम करत होते. शेतमजूर. पोस्टमन. अंगणवाडीची मदतनीस. शिंपी. सात-आठ नावं झाल्यावर हसणं थांबलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, भाऊ थांबले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आजाराचं कारण डॉक्टर शोधतील. मी कारण विचारत नाही. मी एवढंच विचारतो, की पाणी पुन्हा तपासणार काय, आणि उन्हाळ्यात तपासणार काय."

मंत्र्यांकडे छापील उत्तर होतं, पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. उन्हाळ्यात, गावकऱ्यांसमक्ष, सगळ्या स्रोतांचे नमुने घेऊ असं आश्वासन दिलं. आता आश्वासन म्हटलं की लोक हसतात. पण सभागृहात दिलेल्या आश्वासनाची नोंद होते आणि तिचा पाठपुरावा करता येतो. पाठपुरावा हे पीएचं खरं काम. महिनाभर मी रोज सकाळी दहा वाजता एकाच टेबलावर फोन करत होतो. शेवटी तिथला कारकून कंटाळून म्हणाला, "इंगळेसाहेब, तुम्ही फोन करू नका, मीच करतो." त्याने केलाही.

मे महिन्यात नमुने घेतले गेले. कांताबाई प्रत्येक हापशीजवळ उभ्या होत्या, बाटलीवर स्वतःची सही करून देत होत्या. अहवाल आला तो आम्हाला अपेक्षित होता तसाच, पाणी पिण्यास अयोग्य. वाघोडी आणि शेजारची गावं धरणाच्या पाण्याच्या पाइपलाइनच्या योजनेत घेण्याचा निर्णय झाला. तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन बसलं, त्यामुळे अमरावतीच्या पहाटेच्या बसची गरज उरली नाही. शेषरावांनी त्या मशीनचा फायदा चार महिने घेतला. पाइपलाइनची आखणी सुरू झाली त्या आठवड्यात ते गेले. अंत्ययात्रेला भाऊ आले, शेवटपर्यंत चालले. तिथे कांताबाईंनी मला विचारलं, "साहेब, कागद पुढं गेला का?"

मग निवडणूक लागली आणि भाऊ पडले.

कारणं पुष्कळ होती. समोरचे उमेदवार तरुण होते, बोलायला तरबेज, त्यांची माणसं जास्त. आणि पाइपलाइन अजून कागदावर होती. कागद लोकांना दिसत नाही. निकालाच्या दिवशी मी भाऊंच्या शेजारी बसून केंद्रवार आकडे वाचत होतो. वाघोडीच्या केंद्रावर ते मागे होते. भाऊ एवढंच म्हणाले, "वाघोडीतबी?" मी कागद उलटा करून ठेवला. पुढचे दोन दिवस ते बाहेरच्या खोलीत आले नाहीत. वहिनी म्हणाल्या, दहावीच्या भूमितीचं पुस्तक घेऊन बसलेत.

तिसऱ्या दिवशी कांताबाई आल्या. मान खाली. "भाऊ, मी गावाले सांगतलं होतं," एवढंच म्हणाल्या. भाऊंनी त्यांना बसवलं आणि पाइपलाइनचं विचारलं. कळलं, की योजना अडली आहे. पाइप रेल्वेच्या रुळाखालून न्यायची होती, त्याची परवानगी आली नव्हती. त्यासाठी लागणारी सगळी कागदपत्रं, नकाशे, पत्रव्यवहार, कुणाशी कधी बोलणं झालं याच्या माझ्या टिपा, हे सगळं एका जाड फाइलमध्ये माझ्याकडे होतं.

खोलीत पक्षाचे दोघं-तिघं कार्यकर्ते बसले होते. त्यातला एक म्हणाला, "फाइल आपल्यापाशीच राहू द्या भाऊ. नव्या आमदाराले काई सापडनार नाई, पाच वर्षं हातपाय मारत राहीन. पुढच्या वेळी आपन आनू पानी, मंग पाहू वाघोडी कोनाची हाय."

बोलणारा वाईट माणूस नव्हता. भाऊंसाठी तो उन्हातान्हात फिरला होता. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "इंगळे, गेल्या वर्षी वहीत किती नावं वाढली?"

मी आकडा सांगितला.

"त्याले पाचानं गुणा."

कार्यकर्ता खाली बघू लागला. भाऊ उठले, सदरा बदलला आणि मला म्हणाले, "फाइल घ्या. अन् वरती एक पानाचा सारांश लिहा, साध्या मराठीत. काय झालं, काय राहिलं, आता कोनाले भेटायचं. माह्यं नाव त्याच्यात नका लिहू, नाहीतर तो वाचनार नाही."

आम्ही नव्या आमदारांच्या घरी गेलो. तिथे हारांचे ढीग, फटाक्यांचे कागद, माणसांची गर्दी. पडलेला आमदार दारात दिसल्यावर माणसांनी वाट करून दिली. नव्या आमदारांनी उठून भाऊंना खुर्ची दिली, पण नजरेत संशय होता. भाऊंनी फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सारांश वाचला, पानं चाळली, पुन्हा सारांश वाचला.

"भाऊ, हे तुम्ही मला काहून देऊन राहिले?"

"रेल्वेची परवानगी आता तुमच्या पत्रानं येईन. माह्या पत्राले आता कोनी वरच्या गठ्ठ्यात ठेवनार नाही."

त्यांनी फाइल मिटून हातात घेतली. मग माझ्याकडे वळले. "बाबूजी, सोमवारी याल का? माझ्या ऑफिसातल्या पोराईले हे समजावून सांगा." मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी गेलो. पुढचे आठ महिने दर सोमवारी गेलो. आमचे कार्यकर्ते वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. नवे आमदार भाषणात हे काम आपलं म्हणून सांगत, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. रेल्वेच्या साहेबाकडे ते स्वतः चार वेळा जाऊन बसले.

भाऊ पुन्हा उभे राहिले नाहीत. सकाळी घरीच मुलांना गणित शिकवतात. लोक अजूनही कागद घेऊन येतात, पण कमी. मी विचारलं होतं एकदा, वाईट वाटतं का. म्हणाले, "वाटते. खोटं काहून बोलू?"

वाघोडीत पाणी आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी कांताबाईंचा फोन आला. आवाज काळजीचा. "साहेब, गावात तक्रार हाय. तुमी अन् भाऊ येऊन जा." मला वाटलं, पाइप फुटली असेल, नाहीतर गढूळ पाणी आलं असेल. आम्ही दोघं बसने गेलो.

तक्रार गंगूआजींची होती. ऐंशीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की नळाच्या पाण्याला चवच नाही. त्या अजून हापशीचंच भरून पीत होत्या, आणि त्यांचं पाहून गल्लीतली आणखी काही घरं तसंच करत होती. कांताबाई त्यांना समजावून थकल्या होत्या. "कायचं तरी फिक्कं पानी पाठवलं सरकारनं," आजी मला म्हणाल्या. "ल्याहून घ्या."

भाऊंनी नळाचं पाणी दोन पेल्यांत आणायला सांगितलं. एक आजींना दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून सावकाश प्याले. आजींनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला.

"हाय का नाई फिक्कं?"

"आजी," भाऊ म्हणाले, "पानी फिक्कंच असते."

आजींनी पेल्याकडे पाहिलं. मग कांताबाईंकडे, माझ्याकडे. कुणीच हसत नाही हे पाहून त्यांना ते खरं वाटलं असावं.

"असं का," त्या म्हणाल्या. "मले इतक्या वर्षांत कोनं सांगतलंच नाई."

उरलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं, आणि दारातल्या सुनेला सांगितलं, आतला हापशीच्या पान्यानं भरलेला गुंड ओत झाडाले, अन् धुऊन नळाखाली लाव.